हललेला फोटो

१

रत्नागिरीतल्या मेलेल्या माणसांना चांगले कपडे घालायचं काम वासंती करत असे. ती स्वतःच हसत तसं सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. राम आळीत कापडाच्या दुकानावरच्या माडीवर तिच्या वडिलांचा, अण्णा बेहेऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता. खेडोपाड्यांतून माणसं यायची, पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एखादा फोटो काढायची आणि म्हणायची, "ह्यातले आमचे बाबा तेवढे मोठे करून द्या. भिंतीवर लावायचेत." बाबा असायचे लग्नातल्या घोळक्यात, तिसऱ्या रांगेत, कुणाच्या तरी फेट्याआडून डोकावणारे. वासंती त्यांना घोळक्यातून बाहेर काढायची. खांद्यावर राहिलेला परका हात पुसायची. उघड्या अंगावर सदरा आणि सदऱ्यावर कोट चढवायची. देवीचे व्रण बुजवायची, तिरळा डोळा हळूच सरळ करायची. महिन्याभराने घरची माणसं फोटो न्यायला आली की पदर डोळ्यांना लावून म्हणायची, "अगदी अस्सेच होते हो!"

तसे ते कधीच नसायचे, हे वासंतीला ठाऊक होतं. पण चौतीस वर्षांच्या आयुष्यात तिनं एक गोष्ट पक्की ओळखली होती. माणसं फोटोत गेलेलं माणूस शोधत नाहीत, आपली माया शोधतात.

कामाची रीत ठरलेली. आधी त्या जुन्या फोटोचाच कॅमेऱ्याने फोटो घ्यायचा, मग त्यावरून मोठी प्रिंट खरखरीत कागदावर काढायची. प्रिंट खिडकीपाशी उतरत्या मेजावर टाचायची आणि मऊ पेन्सिल, कापसावर घेतलेली काजळीची पूड आणि तीन केसांचा ब्रश घेऊन बसायचं. हे सगळं अण्णांनीच तिला शिकवलं होतं. आता अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय बदलायचे. जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून ते दिवसभर बसत आणि पायऱ्यांवरच्या पावलांवरून माणूस ओळखत.

चौऱ्याऐंशी सालची दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी दहाच्या सुमाराला जिन्यावर अनवाणी पावलं वाजली.

"नवीन आहे कुणीतरी," अण्णा म्हणाले. "बाई आहे. दमलीय."

२

साठीची, काटक, सावळी बाई होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, काखेत पिशवी. पावस गावापलीकडच्या एका वाडीतून पहिल्या एसटीने आली होती. नाव येसूबाई.

पिशवीतून तिनं केळीच्या सोपटात बांधलेला एक फोटो काढला. तळहातापेक्षाही लहान, कडा वाळवीने खाल्लेल्या. जत्रेतल्या फोटोवाल्याच्या रंगवलेल्या पडद्यापुढे एक तरुण बाई स्टुलावर बसलेली. तिचा चेहरा इतका स्वच्छ, की नाकातल्या चमकीचा खडासुद्धा दिसावा. मांडीवर परकरातली तीन-चार वर्षांची मुलगी. मुलीचे हात दिसत होते, पायांतले वाळे दिसत होते. पण मानेच्या वर चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका फराटा होता. ऐन वेळी मुलीनं डोकं हलवलं होतं.

"ही मी," येसूबाई म्हणाली. "आणि ही माजी राही. त्याच पावसात तापानं गेली."

"किती वर्षं झाली?"

"एकतीस. पन तसां मला कदी फोटोचां काम पडलां नाय, बाय. डोळे मिटले की दिसायची ना ती. रोज दिसायची." येसूबाईनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "ह्या पावसाळ्यात मी पडले आजारी. बरी झाले, उठले, चूल पेटवली. आणि बगतंय तर तिचां तोंड आठवतच नाय! हात आठवतंत, केस आठवतंत, हसणां कानात हाय. तोंड मातर नाय. फोटो काढून बगितला, तर हितां पन नाय."

वासंतीनं भिंग लावून फराटा पाहिला. असल्या कामाला ती सरळ नाही म्हणत असे. चेहरा पुसट असेल तर उठवता येतो. मुळात नसेल तर काय उठवणार? ती तसं सांगणार, तेवढ्यात अण्णांनी विचारलं, "फोटोच्या मागे शिक्का आहे का गं?"

होता. जांभळा, विटलेला. बेहेरे, रत्नागिरी.

अण्णा खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांनी जिकडून आवाज आला होता तिकडे तोंड वळवलं. "मीच काढला तो. पूर्वी मी जत्रांमधून कॅमेरा घेऊन फिरायचो. पोर हलली, ते मला तेव्हाच कळलं होतं. माझ्याकडे फोटो घ्यायच्या आणखी तीन काचा शिल्लक होत्या, बाई. पण गिऱ्हाईकांची रांग होती. मी म्हटलं, पुढच्या वर्षी चांगला काढू."

"तुमी म्हनालां व्हतांत तसां," येसूबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मला आठवतां."

वासंतीनं नाही म्हटलं नाही.

३

मोठी प्रिंट निघाली ती अपेक्षेपेक्षा बरी. आईचा चेहरा तर उत्तमच आला. मुलीच्या फराट्यात मात्र धरायला काहीच नव्हतं.

दर आठवड्याला, मंगळवारी येसूबाई यायची. खिडकीपाशी पाटावर बसायची आणि वासंती विचारायची.

"कपाळ कसं होतं? मोठं?"

"माज्या हातात मावायचां." येसूबाई हाताची वाटी करून दाखवायची.

"गाल?"

"गरम."

अशा उत्तरांवर चेहरा काढायचा म्हणजे पाण्यावर रेघ ओढण्यासारखं. पण वासंतीला त्या बाईचा लळा लागत चालला होता. स्वतःचं लग्न झालं नाही, आई लवकर गेली, भाऊ मुंबईला. इतकं मनापासून तिच्याशी बोलत बसेल, असं माणूस तिला फार दिवसांत मिळालं नव्हतं. येसूबाई येताना कधी चिबूड आणायची, कधी भाजलेल्या काजूचे गर. अण्णांसाठी निवडून वेगळं काढून ठेवायची.

पहिल्या मंगळवारी वासंतीनं फक्त हनुवटीची गोलाई आणि कानाची कड धरली. फराट्यावर काजळीचा हलका हात फिरवून थोडी सावली दिली. ओल्या हवेनं कागद खराब होऊ नये म्हणून वर पातळ कागद अंथरून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पातळ कागद उचलला तेव्हा तिला वाटलं, काल आपण बरंच काम केलं की! नाकाच्या शेंड्याची सावली पडली होती. वरच्या ओठाची रेघ आली होती. हात सरावाचा असला की मन कुठेतरी असतं आणि बोटं काम करतात, असं तिनं स्वतःला समजावलं. हात चांगला होता, आपलाच होता. फक्त तो ओठ वरती जरासा दुमडलेला होता, हसू दाबल्यासारखा. असा ओठ तिनं आजवर कधी काढला नव्हता.

४

तिसऱ्या आठवड्यात भुवया आल्या. डावी भुवई पेन्सिलीनं भरताना मधेच एक पांढरी चीर राहात होती. वासंतीनं ती तीनदा भरली. कागदाला तिथं तेलकट बोट लागलं असेल म्हणून स्पिरिटचा कापूस फिरवला आणि चौथ्यांदा भरली. पेन्सिल तिथून घसरून पुढे जायची, चीर तशीच.

मंगळवारी येसूबाईनं प्रिंट पाहिली आणि तिचा हात एकदम स्वतःच्या डाव्या भुवईवर गेला.

"जोत्याचा चिरा लागला व्हता," ती पुटपुटली. "मी कशी इसरले? रगात थांबत नव्हतां. हळद भरली व्हती मी." आणि मग तिथंच, पाटावर बसून ती मोठ्यानं रडली. आनंदानं रडली. वासंतीचे हात धरून तिनं आपल्या कपाळाला लावले.

ती गेल्यावर अण्णा जिन्याकडे कान लावून बसले होते. मग म्हणाले, "बाईबरोबर मूल कुणाचं होतं गं?"

"मूल? एकटीच आली होती."

"येताना एकटी होती," अण्णा म्हणाले. "जाताना वाळे वाजले. एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत उतरत होतं."

खालच्या दुकानात दिवसभर पोराबाळांसह बायका येत असतात. आवाज जिन्यातून वर येतो. वासंतीनं तसं सांगितलं. अण्णांनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते कळलं नाही.

त्याच दुपारी वासंतीचं लक्ष प्रिंटमधल्या आईच्या चेहऱ्याकडे गेलं. त्याला हात लावायची गरजच पडली नव्हती, म्हणून इतके दिवस तिनं नीट पाहिलाच नव्हता. नाकातली चमकी दिसत नव्हती. डोळ्यांच्या कडा विरघळल्यासारख्या. कागदावरचं हायपोचं रसायन नीट धुतलं गेलं नाही की प्रिंट अशी उतरते. त्यात कोकणातली हवा, बुरशी तर पाचवीला पुजलेली. असं सगळं मनाशी म्हणत तिनं खणातून तो मूळचा लहानसा फोटो काढला आणि भिंगाखाली धरला.

एकतीस वर्षांपूर्वी अण्णांनी धुतलेल्या त्या कागदावर आता मुलीच्या मानेवर एक बारीकशी हनुवटी होती. आणि तिच्यामागे बसलेल्या आईचा चेहरा, कुणी ओल्या बोटानं हळूच फिरवल्यासारखा, एका बाजूला सरकला होता.

खाली रिक्षा हॉर्न वाजवत होती. कुणीतरी कुणाला हाक मारत होतं. वासंती भिंग हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिनं फोटो पालथा घालून खणात ठेवला आणि खण लावून घेतला. उगीचच पुन्हा एकदा ओढून पाहिला.

५

पुढच्या मंगळवारी तिनं येसूबाईला मुद्दाम खिडकीसमोर बसवलं. उजेड चांगला होता. बाईच्या लुगड्याच्या चौकड्या, हातावरचं गोंदण, पायाच्या भेगा, सगळं लख्ख दिसत होतं. चेहरा मात्र नजरेत ठरत नव्हता. बघता बघता डोळा घसरून कानाकडे नाहीतर मागच्या भिंतीकडे जात होता. भुवईची चीर भरताना पेन्सिल घसरायची, अगदी तसाच. वासंतीनं डोळे चोळले. चष्म्याचा नंबर वाढला असेल. पण नंबर वाढला तर एकाच माणसाचा चेहरा कसा पुसट होईल?

"येसूबाई, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"झ्याक हाय. हलकां वाटतां." ती हसली असावी. "आज गंमत झाली. एसटीत कंडक्टर आला, सगळ्यांची तिकिटां फाडली, मला इचारलांच नाय. शेजारी बाई बसली ती माज्या मांडीवरच बसत व्हती."

वासंतीला राहवलं नाही. तिनं मूळ फोटो काढून येसूबाईच्या हातात दिला, भिंग दिलं आणि काय काय झालं ते सगळं सांगितलं. सांगताना स्वतःलाच ते वेड्यासारखं वाटत होतं. शेवटी ती म्हणाली, "जितकी राही उठतेय तितक्या तुम्ही पुसल्या जाताय. मी हे काम पुढे करणार नाही. केलंय तेही ब्लेडनं खरडून काढते. तुम्ही परत याल."

येसूबाईनं फोटो पाहिला. फार वेळ पाहिला. अंगठ्यानं आपल्या जागेवरचा तो धुरकट फराटा चाचपला आणि मग तो अंगठा मुलीच्या हनुवटीवर आणून ठेवला.

"खरडलांस तर तिला लागंल," ती म्हणाली.

"अहो, कागद आहे तो."

"बाय, तिचा ताप उतरंना तवा मी देवाला म्हटलां व्हतां, माजां घे नि तिला ठेव. तवा त्यानं आयकलां नाय." ती शांतपणे बोलत होती, घरातला भात कुठं ठेवलाय हे सांगावं तसं. "आता आयकतोय तर तू मधी येऊ नको. माजां तोंड कोन बगतंय आता? घो गेला, भाऊबंद मुंबयला."

"मी बघते ना," वासंती म्हणाली. "मी दर मंगळवारी बघते. अण्णा तुमच्या पावलांची वाट बघतात."

येसूबाई उठली. तिचा खरखरीत हात वासंतीच्या गालावरून फिरला. हात होता, त्याला ऊब होती, खोबरेल तेलाचा वास होता. हाताच्या वर, चेहऱ्याकडे पाहायला मात्र वासंतीनं मान उचलली नाही.

ती गेली. अण्णांनी सगळं ऐकलं होतं, हे उघडच होतं. "काय करणार?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगा."

"मी एकदा तिला पुढच्या वर्षी ये म्हटलं होतं," अण्णा म्हणाले. "आता मी काय सांगू?"

वासंतीनं मग एक मधला मार्ग काढला. चेहरा पुरा केला. तिनं पुरा केला की नुसती पेन्सिल धरून बसली, हे तिलाही सांगता आलं नसतं. एकच गोष्ट राखून ठेवली. कुठल्याही चेहऱ्यात बुबुळावर उजेडाचा एक पांढरा ठिपका लागतो, खसखशीच्या दाण्याएवढा. तो सगळ्यात शेवटी द्यायचा असतो. तोवर चेहरा नुसता चेहरा असतो. ठिपका पडला की माणूस बघायला लागतं. राहीच्या डोळ्यांत तिनं ठिपके दिले नाहीत. असं केलं त्या दिवसापासून आईचा चेहरा होता तितक्यावर थांबला. धूसर, पण होता.

पुढच्या मंगळवारी वासंतीनं फ्रेम केलेला फोटो वर्तमानपत्रात बांधून दिला. येसूबाईनं तिथंच कागद सोडला आणि पोरीचं तोंड बघितलं. ओठ दुमडून हसू दाबणारी, कापलेल्या भुवईची, खट्याळ मुलगी.

"हीच ती," ती म्हणाली. मग थोडं वाकून पाहिलं. "पन ही कुटं बगतेय, बाय? माज्याकडं बगत नाय ही."

"फोटो आहे, येसूबाई. इतपतच होतं."

वासंतीनं मान खाली घातली होती. खोटं बोलताना ती नेहमी तशीच बोलायची.

६

जानेवारी उजाडला. मंगळवार आले आणि गेले. अण्णा सकाळपासून कान देऊन बसत आणि दुपारी जेवताना म्हणत, "नाही आली." संक्रांत झाल्यावर ते म्हणाले, "जाऊन ये गं एकदा. माझ्यानं जाववत असतं तर मीच गेलो असतो."

वासंती सकाळच्या एसटीने निघाली. पावसच्या पुढे एका फाट्यावर उतरून जांभ्या दगडाच्या पायवाटेनं अर्धा तास चालली. आंब्यांना मोहर आला होता आणि त्याचा वास इतका दाट होता की डोकं जड व्हावं. वाडीच्या तोंडाशी एक बाई शेणी थापत होती. तिचं नाव सावित्री. येसूबाईचं घर विचारल्यावर तिनं शेणाचा हात तसाच वर करून दाखवलं.

"हाय ना घरात. असणारच."

"बरी आहे ना?"

सावित्रीनं हात थांबवला. "बरीच असंल. रोज चूल पेटते, जात्याचा आवाज येतो, बोलणां आयकू येतां. संक्रांतीला माज्या दारात तिळगूळ ठेवून गेली. पन दिसत मातर नाय हल्ली." तिनं जरा आवाज खाली आणला. "बाय, तुमी तिच्यातल्या कोनी काय? तिनं पोरगी आणलीय ती कोनाची?"

वासंती पुढे चालू लागली.

घर लहान, मातीचं, स्वच्छ सारवलेलं. अंगणात दोरीवर एक लुगडं वाळत होतं आणि त्याच्याशेजारी हातभर लांबीचा परकर. ओटीवर भिंतीला फ्रेम टांगलेली. वासंती पायरीवरूनच थबकली.

राहीच्या डोळ्यांत ठिपके होते. तांदळाच्या पिठीचे, काडीनं टेकवलेले, वाळून जरा तडकलेले. एक किंचित खाली पडला होता. सरावाच्या हाताचं काम नव्हतं ते. पण मुलगी बघत होती. फ्रेममधून नाही, कॅमेऱ्याकडे नाही. मान वर करून, ज्या मांडीवर ती बसली होती त्या मांडीच्या मालकिणीकडे बघत होती. आणि त्या मालकिणीच्या खांद्यावर आता नुसता पांढुरका फराटा होता, हाक ऐकून कुणी झटकन मान वळवावी तसा.

"कोन गो, वासंती काय?" आतल्या खोलीतून येसूबाईचा आवाज आला. रोजचाच, खणखणीत. "बस गो, बाय. हिचे केस इंचरत्येय. लय वळवळते."

मागोमाग कुणीतरी खुदकन हसलं. वाळे वाजले.

वासंती ओटीच्या कडेला बसली. पळून जावं असं तिला वाटत नव्हतं, हे तिला नंतर फार दिवस विचित्र वाटत राहिलं. आतून फणीचा आवाज येत होता. येसूबाई काहीतरी गुणगुणत होती आणि मधेच म्हणत होती, "हलू नको गो! आता हलू नको!"

"येसूबाई," वासंतीनं हाक मारली. "अण्णा विचारत होते तुम्हाला."

"सांग त्यांना, माजां काम झालां. लय चांगलां झालां." आवाज दाराशी आला. "हिला दावते तुला. तुज्याच हातची हाय."

आतल्या अंधाऱ्या खोलीच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. कडेवर मुलगी होती. तेल लावून चप्प बसवलेले केस, डाव्या भुवईत पांढरी चीर, ओठ दुमडलेला. पेन्सिलीची प्रत्येक रेघ वासंतीला पाठ होती आणि त्यातली एकही तिथे नव्हती. ती नुसती एक जितीजागती मुलगी होती. गालावर झोपेची घडी उमटली होती. तिनं वासंतीकडे पाहिलं, लाजली आणि आपलं तोंड कडेवर घेणाऱ्या बाईच्या मानेत लपवलं.

वासंतीची नजर मुलीच्या, पदर धरलेल्या छोट्या हातामागोमाग वर गेली. चौकड्यांचा पदर. तुळशीची माळ. गळ्याची शीर. त्याच्या वर हनुवटी सुरू व्हायला हवी होती.

तिथपर्यंत पाहिलं आणि तिनं डोळे खाली घेतले. देवळात गाभाऱ्याचा पडदा ओढलेला असला की माणूस आपोआप मान खाली घालतो, तसे. आपण पाहिलं तर ह्या बाईला कुठंतरी लागेल, असं तिला त्या क्षणी वाटलं.

"गोड आहे," ती म्हणाली. "दृष्ट काढा तिची."

"रोज काढते," येसूबाई म्हणाली.

७

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. अण्णा दारातच बसले होते.

"भेटली?"

"भेटली." वासंतीनं चपला काढल्या, पायांवर पाणी घेतलं. "तुम्हाला सांगायला सांगितलंय, काम चांगलं झालं."

"एकटीच होती?"

"नाही. लेक आहे जवळ."

खिशातून रुमाल काढून अण्णा बराच वेळ डोळे पुसत राहिले. वासंतीनं वरणभात लावला, दोघं जेवली. जेवताना तिनं त्यांना वाडी कशी आहे, मोहर किती आलाय, ओटी कशी सारवलीय ते सांगितलं. ओटीवर बसून आपण मान खाली घातली, तेवढं सांगितलं नाही.

हात धुवून बसल्यावर अण्णा एकदम म्हणाले, "इतकी वर्षं गावच्या लोकांचे फोटो काढले. तुझा एक धड काढला नाही मी. उद्या सकाळी खिडकीत बस बघू. फोकस तू लाव, बटण मी दाबतो."

"नको!" वासंती म्हणाली. इतक्या मोठ्यानं, की अण्णा दचकले.

ती त्यांच्या शेजारी येऊन बसली. "नको अण्णा," ती हळू म्हणाली. "मला सांगा, तुम्हाला मी दिसत नाही आता. माझा चेहरा आठवतो का तुम्हाला?"

अण्णांनी हात पुढे केला. फोटोची रसायनं हाताळून कायमची पिवळी पडलेली त्यांची बोटं तिच्या कपाळावर टेकली, भुवयांवरून गेली, नाकावरून खाली आली, गालांवर थांबली. गाल ओले होते.

"आठवायचा कशाला?" अण्णा म्हणाले. "हा काय. गरम आहे."